पाटी आधी, पावती नंतर

पाचोऱ्यात मी अर्ज लिहून देण्याचं काम करते. हे काम वडिलांकडून आलं. ते टाइपरायटरवर वारसनोंदीचे, रेशनकार्डाचे, पीककर्जाचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. मी तेच संगणकावर करते. गेल्या काही वर्षांत या कामात एका नव्या अर्जाची भर पडली आहे. माणूस आत येतो, मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "ताई, पावती फाटी गयी." मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज असतो. गाडीचा नंबर आणि दंडाची रक्कम. कारण पुष्कळदा एकच असतं, नो पार्किंग.

माझ्याकडे येणाऱ्या चलनांपैकी बरीचशी बरोबर असतात, हे मी सुरुवातीलाच सांगते. जिथे पाटी आहे, फोटोत गाडी स्पष्ट आहे आणि तिच्यामुळे वाट अडलेली दिसते, तिथे मी अर्ज लिहीत नाही. भरून टाका, असंच सांगते. आमचं गाव रहदारीचं आहे. चाळीसगाव-जळगाव राष्ट्रीय महामार्ग पाचोऱ्यावरून जातो. कापसाच्या हंगामात भरलेले ट्रॅक्टर रांगेनं जिनिंगकडे निघतात. सकाळी स्टेशनकडे जळगावला अपडाऊन करणाऱ्यांची घाई असते. जामनेरकडची माणसं पूर्वी पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेने, यायची. ती छोट्या रुळांची गाडी हळू चालायची, पण तिच्यातून उतरलेल्या माणसाला आपलं वाहन कुठे लावायचं हा प्रश्न नसायचा. ती बंद झाली, रुंदीकरणाचं काम निघालं, आणि ती माणसं मोटारसायकलींवर यायला लागली. गाड्या वाढल्या, रस्ते तेवढेच राहिले. अशा गावात कुणीही कुठेही गाडी लावली तर रुग्णवाहिका अडकते, शाळेतलं पोर रस्त्याच्या मधून चालतं. म्हणून दंड हवाच. पण तो योग्य माणसाला, योग्य जागी आणि आधी सूचना देऊन झालेला हवा.

लोकांना सगळ्यात आधी समजावून सांगावं लागतं ते हे, की चलन म्हणजे निकाल नव्हे. तो आरोप आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ खालचा. या कायद्याचं कलम १२२ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी अशा रीतीनं उभी करू नये, की तिच्यामुळे इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी त्रास होईल. शिक्षा कलम १७७ खाली होते. २०१९ च्या दुरुस्तीनं हा दंड पहिल्या वेळी १०० रुपयांवरून ५०० वर आणि पुन्हा तसंच केलं तर ३०० वरून १५०० वर गेला. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. आपण मोबाइलवरून जे पैसे भरतो, ते कलम २०० खालचं तडजोड शुल्क असतं. ते भरलं की प्रकरण तिथेच मिटतं. पुढे कारवाई होत नाही, आणि आपलं म्हणणं मांडायची जागाही उरत नाही. म्हणून मी प्रत्येकाला म्हणते, भरायच्या आधी फोटो पाहू.

फोटो बघण्यासाठी गाडीच्या नंबरासोबत चासी किंवा इंजिन नंबराचे शेवटचे चार अंक लागतात. तेवढ्यासाठी माणूस घरी जाऊन आरसी बुक घेऊन येतो. कितीतरी जण हा फोटो न पाहताच पैसे भरत आले आहेत. एकदा एक म्हातारे आबा आले होते. त्यांच्या मोटारसायकलवर अशा शहरातलं चलन होतं, जिथे ते उभ्या आयुष्यात गेले नव्हते. फोटो उघडला तर त्यात एक स्कूटर. आबांनी डोळ्यांजवळ मोबाइल धरून पाहिलं आणि म्हणाले, "हाई गाडी मनी नही शे, ताई." नंबरातला एक आकडा कुणीतरी चुकीचा टाकला होता. अर्ज चार ओळींचा झाला. सोबत आरसीची प्रत आणि आबांच्या गाडीचा समोरून व मागून काढलेला फोटो जोडला. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवली, आणि चलन रद्द झालं.

अशी प्रकरणं सोपी, कारण फोटोच साक्ष देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आला, तो याचसाठी महत्त्वाचा. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनं कारवाई करायची तर गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो हवा, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं, कोणतं कलम मोडलं ते लिहिलेलं हवं, आणि सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी. अनधिकृत जागी गाडी उभी करणं हा प्रकारही त्या नियमात येतो. २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयानं आपल्या कर्मचाऱ्यांना बजावलं की खासगी मोबाइलवर फोटो काढून मागाहून चलन करू नये. यावरून हा प्रश्न पाचोऱ्यातल्या एका आबांचा नव्हता, हे कळतं.

अवघड प्रकरण वेगळं असतं. गाडी आपलीच असते, जागाही तीच असते, फोटो खरा असतो, आणि तरीही चलन चुकीचं असतं. अशा एका प्रकरणानं मला हे काम शिकवलं.

तालुक्यातले एक शेतकरी बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला पिकअप गाडीतून एका मोठ्या शहरात घेऊन गेले. दवाखान्याच्या बाजूच्या गल्लीत गाड्यांची रांग होती. वॉचमननंच तिकडे लावा म्हणून हात केला. त्यांनी गाडी रांगेत लावली आणि बायकोला धरून आत नेलं. घरी परतल्यावर चलन आलं, नो पार्किंगचं. त्यांचं म्हणणं एकच होतं, "आठे पाटी कोठे शे?" फोटोत खरोखरच पाटी नव्हती. पण फोटोत नाही म्हणजे रस्त्यावरही नाही, असं होत नाही. अर्जात तसं लिहिलं असतं तर पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं तो एका क्षणात बाजूला ठेवला असता.

फेरतपासणीसाठी त्यांना त्या शहरात जायचंच होतं. मी त्यांच्या मुलाला सांगितलं की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा आणि न थांबता व्हिडिओ काढ. मग दोन्ही तोंडांचे फोटो काढ, दवाखान्याच्या दारातून काढ, गाडी उभी होती तिथून दोन्ही बाजूंनी काढ. त्यानं सगळं नीट केलं. पाटी सापडली. ती गल्लीत नव्हती, मुख्य रस्त्यावरच्या खांबावर होती. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं ती अर्धी झाकली होती आणि तिच्यावरचा बाण मुख्य रस्त्याकडे होता, गल्लीकडे नव्हता.

आता प्रश्न उरला तो हुकमाचा. गाड्या कुठे उभ्या करायच्या त्या जागा कलम ११७ प्रमाणे राज्य शासनानं किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायच्या असतात. कलम ११५ खाली निर्बंध घालता येतात, आणि त्यांची माहिती लोकांना व्हावी म्हणून कलम ११६ खाली चिन्हं लावायची असतात. म्हणजे नो पार्किंगच्या पाटीमागे एक लेखी आदेश असतो. त्यात कोणत्या चौकापासून कोणत्या कोपऱ्यापर्यंत मनाई आहे ते लिहिलेलं असतं. आम्ही माहितीच्या अधिकारात तोच आदेश मागितला. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. आमचा त्याहून खूप लहान झाला: अमुक गल्लीत वाहनं उभी करण्यास मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत मिळावी. वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. कायद्यानं उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास पहिलं अपील २० रुपयांत होतं.

उत्तर आलं. सोबत आदेशाची प्रत होती. त्यात मुख्य रस्त्याचा एक तुकडा होता. दवाखान्याची गल्ली त्यात कुठेच नव्हती.

कलम १२२ मात्र पाटीवर अवलंबून नाही. पाटी नसली तरी वाट अडवली तर गुन्हा होतो. म्हणून आम्ही व्हिडिओतून गल्लीची रुंदी दाखवली, रांगेच्या बाजूनं ट्रॅक्टर सहज जात होता तो क्षण दाखवला. चलनावर कारण नो पार्किंगचं होतं, अडथळ्याचं नव्हतं, हेही नोंदवलं. अर्जात तीनच मुद्दे होते: आदेशात ही गल्ली नाही, पाटी या गल्लीसाठी नाही, अडथळा झालेला नाही. दवाखान्याचा केसपेपर जोडला तो वेळ दाखवण्यासाठी, दया मागण्यासाठी नाही. काही आठवड्यांनी चलन रद्द झाल्याचं दिसलं. कारण काय, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ते शेतकरी खूश होते. मला मात्र त्या गल्लीतली रांग आठवत राहिली. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्यांनाही बहुधा तशीच चलनं गेली असतील. कुणी साक्री-शिरपूरकडचा असेल, कुणी चोपड्याचा. त्यांनी पैसे भरले असतील, कारण भरणं स्वस्त आणि सोपं होतं. एक चलन रद्द झालं, पण चूक दुरुस्त झाली नाही. त्या शेतकऱ्यांनी मग जे केलं ते मला सुचलं नव्हतं. आदेशाच्या प्रतीच्या झेरॉक्स काढून त्यांनी दवाखान्याशेजारच्या मेडिकलवाल्याकडे ठेवल्या. "कोनी इचारं त दी देजो," असं सांगून आले.

त्या प्रकरणातून मला या व्यवस्थेतली खरी अडचण दिसली. पाट्या लावणं हे पालिकेच्या बांधकाम विभागाचं काम होऊन बसतं आणि चलन करणं पोलिसांचं. पाटी झाकली गेली, पडली, रस्ता खोदताना काढून ठेवली, तर त्याची फाइल एका कार्यालयात असते. दंडाचं यंत्र दुसऱ्या कार्यालयात असतं. उन्हात उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात यंत्र आहे, पण आदेशाची प्रत त्यालाही कुणी दिलेली नसते. मी त्याला दोष देत नाही. दोन कार्यालयांमधली ही फट भरून काढण्याचा खर्च मात्र गाडीवाल्याच्या खिशातून जातो, हे चुकीचं आहे.

आणि तो खर्च ५०० रुपयांचा नसतो. ॲपवरची तक्रार फेटाळली गेली तर पुढची वाट न्यायालयाची. गुन्हा जिथे घडल्याचं म्हटलं आहे, तिथलं न्यायालय. पाचोऱ्याच्या माणसाला दुसऱ्या शहरात तारखेला जायचं तर प्रवास आला, बुडालेली मजुरी आली, वकील आला, आणि साहेब रजेवर असले तर पुढची तारीख आली. मजुरी करणाऱ्या माणसाला पहिल्याच खेट्यात ५०० रुपये स्वस्त वाटू लागतात. "पाचशे रुपयाकरता काय भांडनं?" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्यांचा हिशेब चुकीचा असतो असं मला कधी वाटलं नाही. हिशेब बरोबर असतो. जी व्यवस्था असा हिशेब करायला लावते, ती चुकते.

दंड भरणं मात्र दरवर्षी सोपं होत गेलं आहे. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूरच्या न्यायकौशल केंद्राचं आणि काटोलच्या आभासी न्यायालयाचं उद्घाटन झालं. वाहतुकीची प्रकरणं घरबसल्या मिटावीत हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. गुन्हा कबूल असेल तर मोबाइलवर दोन मिनिटांत दंड भरून माणूस मोकळा होतो. पण कबूल नाही असं म्हटलं की प्रकरण त्या त्या ठिकाणच्या नियमित न्यायालयाकडे जातं. म्हणजे हो म्हणणाऱ्याच्या घरी न्यायालय येतं, आणि नाही म्हणणाऱ्याला न्यायालयात जावं लागतं. निर्दोष माणसाची वाट दोषी माणसाच्या वाटेपेक्षा लांब असणं, हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपतं.

लोकअदालतीच्या नोटिशीनं तर माणसं घाबरूनच येतात. न्यायालयाचं नाव बघितलं की वॉरंट निघाल्यासारखं वाटतं. मी त्यांना बसवून सांगते की हे तडजोडीचं बोलावणं आहे. लोकअदालतीत दोन्ही बाजू राजी असतील तरच प्रकरण मिटतं. चूक आपली असेल तर तिथे मिटवणं सोयीचं. चूक आपली नसेल तर नम्रपणे नाही म्हणता येतं. पण एकदा तिथे तडजोड मान्य करून सही केली की तो निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करायच्या आधी कोणत्या चलनासाठी सही करतोय ते वाचा, हे मी आवर्जून सांगते. कित्येकदा एकाच गाडीवरची बरोबर आणि चुकीची चलनं एकत्र बांधलेली असतात.

दुसरीकडे हे कसं चालतं ते मी समजून घेतलं आहे. इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगचा दंड बहुतेक ठिकाणी तिथली स्थानिक कौन्सिल करते. गाडीवाल्याला आधी कौन्सिलकडेच हरकत घेता येते. तिनं ती फेटाळली तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. लंडनसाठी एक न्यायाधिकरण आहे, उर्वरित इंग्लंड आणि वेल्ससाठी दुसरं. अपिलाला फी नाही. ते घरून ऑनलाइन करता येतं आणि सुनावणी फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ शकते. चिन्ह नीट दिसत नव्हतं किंवा आदेशाशी जुळत नव्हतं, हा तिथे दंड रद्द होण्याचा नेहमीचा आधार आहे. तिथले लोक आपल्याहून शहाणे आहेत, असं मला म्हणायचं नाही. पण नाही म्हणण्याचा खर्च दंडापेक्षा कमी ठेवता येतो, हे त्यांनी करून दाखवलं आहे. आपल्याकडे माहितीचा अर्ज १० रुपयांत होतो, म्हणजे ही कल्पना आपल्यालाही परकी नाही.

अर्ज लिहिताना मी काय पाळते, तेही सांगायला हवं, कारण त्यावर बरंच अवलंबून असतं. रागाचा एकही शब्द अर्जात जाऊ देत नाही. समोर बसलेला माणूस चिडलेला असतो, पोलिसांनी मुद्दाम केलं, पैसे उकळायला केलं, असं त्याला लिहायचं असतं. मी ऐकून घेते, पण लिहीत नाही. कारण त्या वाक्याचं उत्तर देणं सोपं असतं, आणि ते एक उत्तर दिलं की बाकीच्या अर्जाला उत्तर द्यावं लागत नाही. आदेशात गल्ली नाही, या वाक्याला मात्र आदेश दाखवूनच उत्तर द्यावं लागतं. दुसरं, अर्ज हातानं द्यायचा असेल तर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजलं जातं. तिसरं, मुदतीत वागायचं. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मर्यादा आहे. म्हणून काही जण सल्ला देतात की गप्प बसा, आपोआप संपेल. मी तो सल्ला देत नाही. यंत्रावर चलन थकीत दिसतच राहतं, आणि गाडी विकायची वेळ आली की तेच आडवं येतं. शिवाय आपण निर्दोष असू तर गप्प का बसावं?

या कामानं माझी एक समजूत पक्की झाली आहे. शासनाशी सामान्य माणसाचं नातं मोठ्या योजनांनी जितकं बनतं, त्याहून जास्त अशा लहान कागदांनी बनतं. ज्याच्या अर्जाला कारणासहित उत्तर मिळतं, तो पुढच्या वेळी पाटी पाहून गाडी लावतो. ज्याला कारण न देता दंड होतो आणि कारण न देताच तो माफही होतो, त्याला वाटतं की सगळं ओळखीवर चालतं. मग नियम पाळण्यापेक्षा ओळख शोधण्याकडे त्याचा कल होतो. चुकीच्या चलनाचं खरं नुकसान हे आहे.

त्यामुळे माझी मागणी लहान आहे आणि ती करता येण्यासारखी आहे. प्रत्येक नो पार्किंगच्या पाटीवर आदेशाचा क्रमांक आणि तारीख छापा, आणि मनाई कुठून कुठपर्यंत ते लिहा. चलनाच्या फोटोत पाटीही दिसू द्या. तक्रार मान्य करा किंवा फेटाळा, पण कारण एका ओळीत लिहा. आणि ज्याला गुन्हा कबूल नाही, त्याचं म्हणणं त्याच्याच तालुक्याच्या न्यायालयात बसून, व्हिडिओवरून, दुसऱ्या शहरातल्या न्यायाधीशांनी ऐकावं. दंड घरबसल्या भरता येतो, तर बाजूही घराजवळ मांडता यायला हवी.

तोपर्यंत माझं सांगणं एवढंच. चलन आलं तर घाबरू नका आणि डोळे मिटून भरूही नका. फोटो उघडा, नंबर ताडून पाहा, कलम वाचा, जागेवर जाऊन पाटी शोधा. पाटी असेल आणि चूक आपली असेल तर त्याच दिवशी पैसे भरा. नसेल तर अर्ज लिहा आणि पोच घ्या. ५०० रुपये वाचतील की नाही हे दुय्यम आहे. तुमच्या अर्जामुळे एका कार्यालयाला आपला आदेश काढून पाहावा लागेल, आणि आदेश पाहिल्यावर एखादी पाटी योग्य जागी लागेल. पुढे तिथे गाडी लावणारा माणूस तुम्हाला ओळखणार नाही, पण त्याची पावती फाटणार नाही.